वन्संचं मागणं

माझ्या मोसेला सध्या एकच शब्द येतो. म्हणजे येतात पुष्कळ, पण वापरतो एकच. नाही. आंघोळ करायची? नाही. रताळं खायचं? नाही. चड्डी घाल रे. नाही. बरं, नको घालूस. नाही! आता यावर आईने काय करायचं, हे ज्याला कळलं असेल त्याने आमच्या बेटावर येऊन मला सांगून जावं. मी त्याला कोवळं डुक्कर भाजून घालीन.

शनिवारी त्याला दोन वर्षं पूर्ण व्हायची होती. आमच्याकडे खरा थाटाचा वाढदिवस पहिला. दुसऱ्याला कोण विचारतं? पण पहिल्याला वन्सं येऊ शकल्या नव्हत्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, हेनेलेची, थोरली बहीण, मेलेनाइते. ऑकलंडला राहतात, तिथे म्हाताऱ्यांच्या घरात कामाला आहेत. आणि आत्याच नाही म्हटल्यावर वाढदिवस कसला डोंबलाचा? तेव्हा गेल्या वर्षी नुसती प्रार्थना झाली, गावातल्या चार घरांना जेवण झालं, आणि सासूबाई म्हणाल्या, नाइते येईल तेव्हा करू सगळं.

आत्या म्हणजे आमच्याकडे राणी. मांडवात सगळ्यांच्या पुढे ती चटईवर बसणार. आलेल्या चटया तिच्या, झाडाच्या सालीचं कापड तिचं, केक तिचा. आणि आई, जिने नऊ महिने पोटात वागवलं, ती मागे चुलीपाशी धुरात डोळे चोळणार. मी तक्रार नाही करत हं. माझ्या भावाच्या मुलीच्या वाढदिवसाला मीही अशीच मिरवले होते. अख्खा तीन मजली केक घरी घेऊन आले, भावजयीकडे वळून बघितलंसुद्धा नाही. रीत आहे ती.

आणि रीत अशीही आहे, की मांडवात आत्या जे मागेल ते द्यायचं. नाही म्हणायचं नाही. कुणीच नाही.

हे मला जन्मापासून माहीत होतं. पण त्याचा अर्थ मला सासूबाईंनी कोनफळं सोलता सोलता समजावून सांगितला.

"नाइतेचं घर रिकामं आहे गं," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी या दिवशी ती दवाखान्यात होती. पोटातलं तेही राहिलं नाही. आता डॉक्टर म्हणतात, पुढे नाहीच."

"हो ना, वाईट झालं," मी म्हटलं. मला खरंच वाईट वाटलं होतं.

"तुझं काय, तू तरुण आहेस. तुला दुसरं होईल."

माझ्या हातातली सुरी थांबली.

"मी तिला म्हटलंय, मांडवात माग. सगळ्यांसमोर, पाद्रीबाबांसमोर. रीतसर होऊन जाईल. पोरगं काय परक्या घरी जातंय का? आत्याकडे तर जातंय. शाळा चांगली, दवाखाना चांगला. हेनेलेसुद्धा नाही का माझ्या नणंदेकडे वाढला?"

वाढला होता, खरं आहे. चांगला वाढला. आमच्या गावात तुम्ही कुणालाही विचारा, अर्धी माणसं आत्याकडे नाहीतर आजीकडे वाढलेली सापडतील, आणि कुणाचं काही अडलेलं नाही. पण ती दुसऱ्यांची पोरं! माझा मोसे म्हणजे काय अळूचा कंद आहे, एक उपटला आणि दुसरा लावला? मी सोललेलं कोनफळ परत सोलत बसले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, निम्मं टाकून दिलंस की!"

त्या क्षणी मी एक ठरवलं. वन्संना बोलूच द्यायचं नाही. एकदा का त्यांच्या तोंडून मागणं निघालं की संपलं. मग ते निघायचंच नाही, अशी व्यवस्था करायची. हसू नका, दुसरं काय होतं माझ्या हातात?

वन्सं आल्या त्या दोन भल्यामोठ्या बॅगा आणि एक खोका घेऊन. आल्या आल्या हेनेले घरातून बाहेर पडला आणि शेजारच्या पडवीत आपली चटई घेऊन गेला. बहीण घरात असताना भावाने त्या छपराखाली लोळायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही, वेडंवाकडं बोलायचं नाही. मोसे त्याच्यामागे रडत धावला. वन्संनी दोन्ही हात पसरले, "ये रे माझ्या राजा!"

"नाही," मोसे म्हणाला.

शाब्बास माझ्या वाघा, मी मनात म्हटलं.

दुसऱ्याच सकाळी वन्सं चुलीपाशी आल्या. आत्याबाई, आणि चुलीपाशी! मला घामच फुटला. "लुपे," त्या म्हणाल्या, "जरा बोलायचं होतं तुझ्याशी."

"अय्या वन्सं, तुम्ही कशाला आलात धुरात!" असं म्हणत मी पातेल्यावरचं झाकण असं सोडलं की ते घरंगळत अंगणात गेलं, कोंबड्या ओरडत पळाल्या, आणि मोसे आनंदाने किंचाळत झाकणामागे धावला. बोलणं राहिलं.

मग तोच धंदा झाला माझा. त्या वाळत घातलेल्या कपड्यांपाशी आल्या की मला डुकरांची आठवण व्हायची. त्या डुकरांपाशी आल्या की मला चर्चमध्ये फुलं द्यायची असायची. एकदा तर त्यांनी माझा हातच धरला. "अगं, दोन मिनिटं बस." मी मोसेला हळूच चिमटा काढला. काढला, काय करू? त्याने असा गळा काढला की शेजारची म्हातारी काठी टेकत बघायला आली.

वन्सं कधी चिडल्या नाहीत, हेच मला सहन होईना. चिडल्या असत्या तर मलाही नीट चिडता आलं असतं. त्या नुसत्या मोसेच्या मागे मागे असायच्या. तो चिखलात बसला की त्याही बसायच्या. त्याने जेवण फेकलं की वेचायच्या. त्याला डुकराच्या पिल्लाचं वेड आहे, तर त्या गुडघ्यांवर रांगत त्याच्यासाठी डुकरासारखं घुरघुरायच्या. ऑकलंडहून आलेली, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी बाई! तो हसायचा. मग त्यांचा चेहरा असा व्हायचा, की मी दुसरीकडे बघायची.

मोसे झोपताना माझा कान धरतो. पाळी धरून चोळत राहतो, चोळत राहतो आणि मग डोळे मिटतो. माझा उजवा कान कायम लाल असतो त्यापायी. एका दुपारी वन्संनी त्याला मांडीवर घेऊन झोपवायचा प्रयत्न केला. त्याचा हात आपोआप वर गेला, कानाला लागला, आणि कानात होती भलीमोठी मोत्याची कुडी. त्याने हात झटकला, रडत रडत माझ्याकडे आला. बरं झालं, मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून वन्संचे कान मोकळे. कुड्या काढून ठेवलेल्या. म्हटलं, ही तयारी करतेय.

आणि मग तो कोट. मोसेचा आवडता उद्योग म्हणजे कुणाची तरी बॅग उपसणं. गुरुवारी तो आतल्या खोलीतून बाहेर आला तो अंगात निळा, जाडजूड, कापूस भरलेला कोट घालून. एक बाही घातलेली, दुसरी जमिनीवर लोळतेय, आणि खाली चड्डी नाही. ऐटीत उभा राहिला माझ्यासमोर. मापाचा होता कोट. अगदी त्याच्या मापाचा.

आमच्याकडे घाम पुसायला फडकं पुरत नाही. हा कोट कुठे घालणार होता तो? ऑकलंडच्या थंडीत, आणखी कुठे?

मी तशीच पडवीत गेले. हेनेले भट्टीसाठी लाकडं फोडत होता. "हेनेले, कोटसुद्धा आणलाय तिने. तू बोल."

"काय बोलू?"

"काय बोलू म्हणजे? माझा मुलगा नेऊ नकोस म्हणून सांग."

"लुपे, ताईसमोर मी खोकतसुद्धा नाही मोठ्याने. तिला हे सांगू? मी?"

"मग कोण सांगणार? पाद्रीबाबा?"

तो लाकडावर बसला. मोसे कोटासकट माझ्यामागून आला होता, तो त्याच्या पाठीवर चढला आणि दोन्ही मुठींत त्याचे केस धरले. पोराने बापाच्या डोक्याला हात लावायचा नसतो. कधीच नाही. एरवी मी झटकन ओढून घेते, हेनेलेही रागावतो. त्या दिवशी त्याने मान हलवलीसुद्धा नाही. "असू दे," म्हणाला. "ओढ रे, ओढ." तेव्हा मला कळलं की याच्याकडून काही व्हायचं नाही, आणि याचीही झोप उडालेली आहे. मला त्याचा राग यायचा तो येईना. मी कोट काढून घेतला, घडी घातली आणि गुपचूप बॅगेत परत ठेवून दिला.

शुक्रवारी मी केक केला. तीन थर, खालचा पिवळा, मधला हिरवा, वरचा गुलाबी, आणि सगळ्यांत वर साखरेचं डुक्कर. निदान मी डुक्कर म्हणून केलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "बटाटा छान झालाय." पण मोसेने ओळखलं. "डुक्कू!" म्हणाला. दिवसभर तो टेबलाखाली पहाऱ्याला बसला होता. "माझा डुक्कू."

"तुझा रे तुझा," मी म्हटलं. आणि मग आठवलं, की केक त्याचा नाही. आणि तोही माझा नाही, असं चाललं होतं सगळं. पदार्थ झाकले आणि चुलीपाशी बसून पोटभर रडले. धुराचा एक फायदा असतो, कुणी विचारत नाही.

शनिवारी मांडव भरला. जमिनीतली भट्टी उकरली, वाफेचा लोट उठला, अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून शिजवलेलं मटण, कोनफळं, भाजलेली डुकरं, सगळं एकामागून एक पुढे गेलं. मोसेला आम्ही कमरेला छोटी नवी चटई गुंडाळली होती, सणासुदीला मोठी माणसं गुंडाळतात तशी. त्याने ती तीनदा सोडून टाकली. चौथ्यांदा पाद्रीबाबा म्हणाले, "राहू द्या, देवाने त्याला असाच पाठवलाय." सगळे हसले.

मी मागून, चुलीच्या पत्र्याआडून बघत होते. वन्सं पुढे बसल्या होत्या, कमरेला आजेसासूबाईंच्या वेळची जुनी मऊ चटई. समोर केक. बाजूला चटयांचा ढीग. मांडीवर मोसे, डोळे साखरेच्या डुकरावर लावून. त्यांचे कान मोकळेच होते. हेनेले मांडवाच्या पार बाहेर, फणसाच्या झाडाखाली, पाठ करून उभा होता.

प्रार्थना झाली. गाणं झालं. बायका शेवटची ताटं घेऊन पुढे गेल्या आणि मागे मी एकटी उरले. मग सासूबाई उठल्या. त्यांचा आवाज कापत होता, ते मला इथवर कळलं. "माझ्या लेकीला आज काही मागायचंय," त्या म्हणाल्या. "आजचा दिवस तिचा आहे. तिने मागावं."

काय मागायचंय, ते सगळ्यांना माहीतच होतं. गावात कुठली गोष्ट लपते?

वन्संनी खाली मांडीकडे बघितलं. मोसे अर्धवट झोपेला आला होता, दुपारची वेळ त्याची. त्याचा हात वर गेला. वन्संच्या कानापाशी गेला. त्याने पाळी धरली. देवा, मी म्हटलं, त्याला ती सोडू दे. आणि दुसऱ्याच क्षणी वन्संचा चेहरा दिसला, आणि मला माझ्या प्रार्थनेची लाज वाटली. पण मागे घेतली नाही मी ती.

त्याने सोडली नाही. पाळी धरून तो शांत पडून राहिला.

आणि वन्सं उठल्या. मोसेला तसंच सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि मांडवातून चालायला लागल्या. भर समारंभात आत्या चटईवरून उठत नाही. पाणी हवं असलं तरी चार जण धावतात. लोक माना वळवून बघत होते आणि त्या सरळ माझ्याकडे येत होत्या, त्या अनमोल चटईसकट, काजळीत, राखेत.

माझ्या हाताला पातेल्याचं झाकण लागलं.

"टाक," वन्सं म्हणाल्या. "टाक ते खाली, आणि त्या कोंबड्यांनाही बोलाव. आज मी हलणार नाही."

मी झाकण ठेवून दिलं.

"आल्यापासून तुझ्यामागे फिरतेय मी, बाई. कपड्यांपाशी आले, डुकरांपाशी आले. तुला काय वाटलं, मी काय करायला येत होते?"

"मागायला," मी म्हटलं.

"मागायला मी इथे कशाला येऊ? मागायला मांडव आहे. तिथे मागितलं की तू नाही म्हणू शकत नाहीस, हेनेले नाही म्हणू शकत नाही, पाद्रीसुद्धा नाही. मी विचारायला येत होते, वेडे. इथे, जिथे तुला नाही म्हणता येईल."

किती वेळा आल्या होत्या! आणि मी दर वेळी पळत होते, जिथे मला उत्तर देता आलं असतं तिथूनच.

"आईने सगळ्यांना सांगून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "मला तिथे जाऊन काहीतरी बोलावं लागणार. तर आता सांग. माझा मान बघू नकोस, माझ्याकडे आत्या म्हणून बघू नकोस. मला तो हवाय. खोटं कशाला बोलू? मला तो इतका हवाय की माझी झोप गेलीय. पण तू देतेस का?"

सासरी आल्यापासून या घरात मी कुणाला हा शब्द म्हटला नव्हता. रोज मात्र ऐकत होते, सकाळपासून रात्रीपर्यंत, दोन वर्षांच्या पोराच्या तोंडून. किती सोपा वाटतो त्याच्या तोंडी.

"नाही," मी म्हटलं.

वन्संनी मान हलवली. मग खाली बसल्या, नारळाच्या सोडणांच्या ढिगावर, आणि उगाच एक लाकूड चुलीत पुढे सारलं.

"कोट घेतला ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा दुकानातल्या मुलीने विचारलं, केवढाय तुमचा मुलगा? मी म्हटलं, दोन वर्षांचा होईल आता. तिला काय माहीत? मला इतकं बरं वाटलं गं. शेजारच्या दुकानातही जाऊन तेच सांगावंसं वाटलं."

"वन्सं..." मी म्हटलं. त्यांच्या पायांशी बसले आणि त्यांच्या चटईवरची राख झटकायला लागले. ती पसरतच गेली.

"राहू दे, आणखी काळी करतेस," त्या म्हणाल्या. तोंड न लपवता सरळ तळहातांनी डोळे पुसले, उठल्या आणि गेल्या.

मी पत्र्याआड उभी राहिले. वन्सं चटईवर बसल्या. मोसेला सासूबाईंकडून परत मांडीवर घेतलं. तो जागा झाला होता.

"मला काय हवंय," त्या मोठ्याने म्हणाल्या, "सांगते. मला हा केक हवाय."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"पूर्ण. कुणी हात लावायचा नाही."

"नाइते," सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, केक तर तुझाच असतो. एवढंच?"

"एवढंच, आई."

सासूबाईंनी लेकीकडे बघितलं, मग मागे, पत्र्याकडे बघितलं. त्यांना दिसले असेन मी. मग त्यांनी डोळ्यांना फडकं लावलं. त्यांचंही चुकलं कुठे होतं? लेकीचं रिकामं घर त्यांनाही दिसत होतंच ना रोज. तिकडे झाडाखाली हेनेले खाली बसला होता, दोन्ही हातांत डोकं धरून.

आणि इतक्यात आमचे चिरंजीव! आत्याने केक मागितला एवढं त्यांना बरोबर कळलं होतं. "नाही!" मोसे किंचाळला. "माझा डुक्कू! नाही, नाही, नाही!" साऱ्या मांडवात, पाद्रीबाबांच्या देखत, आत्याला तोंडावर नाही म्हणणारं एकच माणूस आमच्या कुळात निघालं. लोक हसून हसून आडवे झाले. वन्संसुद्धा हसायला लागल्या, रडत रडत हसायला लागल्या, आणि त्यांनी ते साखरेचं डुक्कर उचलून त्याच्या हातात दिलं. त्याने कान खाल्ला, शेपूट खाल्लं, आणि उरलेलं चिकट डुक्कर त्यांच्या तोंडाशी नेलं. "खा," म्हणाला. त्यांनी खाल्लं.

तेव्हा कुठे त्यांनी मागे वळून हाक मारली. "लुपे, फडकं आण गं ओलं. बघ याचं ध्यान!"

मी ओलं फडकं घेऊन मांडवात गेले. मोसेचं तोंड गुलाबी, हात गुलाबी, केसांत साखर. तोंड पुसायचं म्हटलं की तो काय करतो ते मला माहीत होतं. मी खाली बसले, त्याची हनुवटी धरायला हात पुढे केला. वन्सं माझ्याकडे बघत होत्या. मग मी फडकं त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी आधी त्याचं कपाळ पुसलं, मग गाल, मग एकेक बोट, सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखं. आणि मोसे, माझा मोसे, मान वर करून बसून राहिला. एकदाही नाही म्हणाला नाही.